फिकट हिरवं सतरा

“तिलाच वाचायला लावू. कॉन्व्हेंटची आहे, उच्चार चांगले आहेत,” सर दारापलीकडे लॅबमधल्या मामांना सांगत होते. मी आत वजनकाट्यासमोर बसले होते. चमच्यातली चिमूटभर पांढरी पूड काट्याच्या काचेवर सांडली. ‘ती’ म्हणजे मी. काय वाचायचं आहे ते मला सकाळपासून पाठ झालं होतं. त्यात काय लिहिलंय हे सरांना माहीत आहे की नाही, एवढंच मला माहीत नव्हतं.

जगात दोनच प्रकारची माणसं असतात, अशी आमच्या सरांची ठाम समजूत होती. ज्यांनी सरांचा पेपर साइट केला आहे ती, आणि ज्यांनी अजून केलेला नाही ती. दुसऱ्या प्रकारच्या माणसांवर त्यांचा राग नसे. त्यांना अजून सवड मिळाली नसेल, इतकंच ते म्हणत. सर माझे पीएच.डी.चे गाईड. परळच्या आमच्या कॉलेजात तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या प्रयोगशाळेत त्यांनी सगळी नोकरी औषधी रसायनं बनवण्यात घालवली. कुणी आपल्या पेपरमध्ये सरांच्या पेपरचा संदर्भ दिला की ते झालं एक सायटेशन, आणि सायटेशन झालं की कॉम्प्युटरवर मेल येई. सर सकाळी गिरगावहून बसने येत, डबा खिडकीत ठेवत आणि चपला काढून बूट घालायच्या आधी मेल बघत. मेल आलेला असला तर बूट घालायचं राहूनच जाई. मग दिवसभर सरांच्या चपला फटफट वाजत राहिल्या की आम्हाला न विचारता कळे, आज कुठेतरी कुणीतरी सरांचं नाव घेतलंय.

ही सगळी मोजदाद भिंतीवर होती. मागच्या बाजूला पाककृती छापलेलं साधं मराठी कॅलेंडर, आणि त्यात ज्या दिवशी सायटेशन आलं त्या तारखेच्या चौकटीत सर निळ्या पेनाने देशाचं नाव लिहीत. संकष्टीच्या खाली पोलंड, प्रदोषाच्या शेजारी ब्राझील. आमचे लॅब अटेंडंट मामा मूळचे मालवणकडचे, राहायला लालबागला. त्यांनी एकदा कॅलेंडरसमोर उभं राहून अगदी गंभीरपणे विचारलं होतं, “सर, ह्यो इराणचो उपास कधी सोडूचो?” सर हसले नाहीत. सोडायचे पदार्थ त्यांचे ठरलेलेच होते. परदेशातलं सायटेशन असेल तर दादरहून पियूष आणि साबुदाणा वडे. भारतातलं असेल तर मामांनी येताना आणलेला लालबागचा चिवडा. आणि आपल्या नव्या पेपरमध्ये आपणच आपला जुना पेपर साइट केला असेल तर पाणीसुद्धा नाही. “आपल्या लग्नात आपणच अक्षता टाकायच्या का?” असं ते विचारत.

मला पन्नाशीच्या पुढचे मराठी आकडे येत नव्हते. ते मी सरांच्या सायटेशन्सवर शिकले. त्यांच्या एका पेपरवर त्यांचा विशेष जीव होता आणि त्याची मोजणी वेगळी चाले. “काल किती झाली?” असं ते विचारत. मी इंग्रजीत सांगितलं की ऐकूच आलं नाही असा चेहरा करून उभे राहत, मी मराठी आकडा शोधून काढीपर्यंत. एकदा मी एकोणऐंशीच्या ऐवजी एकोणनव्वद म्हणाले. सर खुर्चीतून अर्धे उठले, मग कॅलेंडरकडे बघून परत बसले. रागावले नाहीत. “घाई करू नकोस,” म्हणाले, “पोचू आपण तिथं.”

पेपर पाठवायचा दिवस मंगळवार. सर स्वतःला नास्तिक म्हणवत, पण बटण दाबायच्या आधी प्रभादेवीला गणपतीचं दर्शन झालेलं असलं पाहिजे. विचारलं तर म्हणत, ही भक्ती नाही, प्रोसीजर आहे. मी प्रभादेवीलाच राहते, त्यामुळे मंगळवारी सकाळी मला त्यांचा फोन येई, रांग कुठपर्यंत आहे. रांग फार लांब असली तर पेपर पुढच्या मंगळवारावर जाई. बाप्पाकडे आज आधीच फाइली फार आहेत, असं त्यांचं म्हणणं. सरांच्या घरी काकूंना रसायनशास्त्राचा गंध नव्हता, पण एच-इंडेक्स बरोबर ठाऊक होता. किती पेपरना किती सायटेशन्स मिळाली यावरून माणसाचं जे एक माप काढतात ते सरांनी मला तीन वेळा समजावलं होतं आणि तिन्ही वेळा माझ्या डोक्यावरून गेलं. काकूंनी एकदाच समजावलं. “अगं, सोपं आहे. शुगर वाढली की वाईट, एच वाढला की बरं. दोन्ही सकाळी उपाशीपोटी बघायचं.”

हे ऐकून सर आकड्यांना हपापलेले होते असं कुणाला वाटेल. म्हणून म्हशींची गोष्ट सांगायलाच हवी. सरांचं आडनाव आपल्याकडे गल्लोगल्ली सापडेल असं. त्याच नावाचे, त्याच आद्याक्षरांचे एक पशुवैद्य होते आणि कॉम्प्युटरने दोघांना एकच करून टाकलं. एका सकाळी सरांच्या नावावर म्हशींच्या दुधावरचे अकरा पेपर येऊन पडले, त्यांच्या सगळ्या सायटेशन्ससकट. सरांचा एच एका रात्रीत असा वर गेला की त्या जोरावर त्यांना कुठलीही समिती मिळाली असती. कॉलेजातल्या दोघातिघांनी सुचवलंही, की आपण काही मागायला गेलो नव्हतो, राहू द्या. सरांनी वर्षभर पत्रं लिहिली. त्या पत्रांचं इंग्रजी ते माझ्याकडून तपासून घेत, म्हणून मला पहिलं वाक्य अजून आठवतं. मराठीत सांगायचं तर ते एवढंच होतं: महोदय, म्हशी माझ्या नाहीत. शेवटी म्हशी गेल्या, एच खाली आला, आणि त्या दिवशी सरांनी आम्हाला पियूष दिलं. कुठल्याही देशाशिवाय मिळालेलं ते एकच पियूष.

आता सतराबद्दल. सरांच्या त्या लाडक्या पेपरमध्ये त्यांनी बनवलेल्या पदार्थांना एकापासून पुढे क्रमांक दिले होते. त्यातला सतरावा क्षयाच्या जंतूंचं एक एन्झाइम अडवत होता. बाकीचे सोळा कामाचे निघाले नाहीत, पण सर त्यांच्याबद्दल कधी वाईट बोलले नाहीत. सतराबद्दल मात्र सासरी सुखात असलेल्या मुलीबद्दल बोलावं तसं बोलत. मूळच्या प्रयोगातलं थोडंसं सतरा फ्रिजमध्ये तपकिरी बाटलीत जपलेलं होतं. पाहुणे आले की बाटली बाहेर निघे आणि सर सांगत, “रंग बघा. कोवळ्या कैरीच्या आतला असतो तसा.” पेपरमध्येही तसंच छापलं होतं, फिकट हिरवा घन पदार्थ. मी कामाला लागले त्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मला बजावलं होतं, सतरा पांढरं आलं तर समजायचं, आपलं काहीतरी चुकलं.

माझ्याकडून ते पांढरं आलं. माझ्या पूर्ण प्रबंधाचा पाया सतरा. त्यात थोडे फेरफार करून त्याहून चांगलं औषध शोधायचं, असं माझं काम. हिरवट पूड मी एकदा जास्तच नीट धुतली, शेवटच्या पायरीत वापरलेलं तांब्याचं संयुग निघून जावं म्हणून, आणि ती मिठासारखी शुभ्र झाली. मला आधी अभिमान वाटला. मग एन्झाइमवर घालून बघितलं, तर काहीच झालं नाही. एन्झाइम आपलं काम करत राहिलं, जसं काही मी त्यात साखर घातली होती.

आमच्याकडे संशय घ्यायचा एक क्रम होता. सरांनीच शिकवलेला. प्रयोग फसला की आधी स्वतःवर संशय घ्यायचा, मग बाटलीवर, मग मशीनवर, आणि छापून आलेल्या पेपरवर सगळ्यात शेवटी. स्वतःवर संशय घेणं मला शिकवावं लागत नाही. शाळेपासून मला ते छान येतं. मी सतरा पुन्हा केलं. एकूण चार वेळा केलं. दर वेळी तेच. न धुतलं की हिरवं, आणि हिरवं चालतं. धुतलं की पांढरं, आणि पांढरं चालत नाही. म्हणजे जे काम करत होतं ते सतरा नव्हतंच. तो त्यात राहून गेलेला तांब्याचा अंश होता, आणि कैरीचा रंगही त्याचाच.

हे मी वहीत लिहिलं. तोंडाने सांगितलं नाही. वहीत लिहिलं की सांगितल्यासारखंच होतं, असं मी स्वतःला समजावलं, कारण दर शुक्रवारी दुपारी सर आमच्या वह्या बघत आणि प्रत्येक पानाखाली ‘वाचले, समजले’ असं लिहून सही करत. त्या शुक्रवारी मी जिन्यात जाऊन उभी राहिले. परत आले तेव्हा त्या पानांखाली सही होती. वाचले, समजले. सर खिडकीत उभे राहून डब्यातला शेवटचा लाडू खात होते आणि त्यांनी मला विचारलं, प्रभादेवीला पाऊस आहे का.

तेव्हापासून चार महिने माझ्या डोक्यात एकच होतं. सरांनी वाचलंय. सरांना समजलंय. आणि सर गप्प आहेत. मग मी कोण बोलणारी? रोज सकाळी मला वाटे, आज ते विषय काढतील, आणि रोज ते कॅलेंडरपाशी जाऊन मला आकडा विचारत. एकदा मी म्हशी आठवून स्वतःला समजावायचा प्रयत्न केला, की हा माणूस असं करणार नाही. पण म्हशी दुसऱ्याच्या होत्या. सतरा त्यांचं स्वतःचं होतं. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. आकडा नव्व्याण्णववर येऊन थांबला होता, आणि निरोपसमारंभ शनिवारी ठरला होता.

त्या आठवड्यातल्या बुधवारी चपला वाजल्या. शंभरावं आलं होतं, फिनलंडहून. सरांनी मेलमधला पेपर उघडला आणि नेहमीसारखे थेट शेवटच्या पानावर गेले. ते कुठलाही पेपर असाच उघडत. लग्नपत्रिका आली की निमंत्रकांमध्ये आपलं नाव आहे ना ते आधी बघतात, तसं संदर्भांच्या यादीत आपलं नाव शोधायचं, सापडलं की पडद्यावरच त्याच्याखाली बोट फिरवायचं आणि पेपर बंद करायचा. मामा पियूष आणायला दादरला गेले. सर काकूंना फोन करायला बाहेर गेले. मी तो पेपर पहिल्यापासून वाचला.

पहिल्या पानावर सरांचं नाव फार सौजन्याने घेतलं होतं. पाचव्या पानावर पुन्हा होतं. तिथे म्हटलं होतं, की सतरा क्रमांकाचा पदार्थ आम्ही मूळ पद्धतीने बनवला आणि अधिक शुद्ध केला, पण पूर्वी नोंदवलेला परिणाम आम्हाला मिळाला नाही, तो बहुधा उरलेल्या तांब्याचा असावा. दुपारी दाराआडून मी ऐकलं, की शनिवारी मुख्य भाषणानंतर शंभराव्या सायटेशनमधली सरांबद्दलची ओळ सगळ्यांना वाचून दाखवायची आहे, आणि ती मी वाचायची आहे.

मामांना काहीतरी कळलं असावं. पियूषचा ग्लास माझ्यासमोर तसाच राहिलेला त्यांनी बघितला. मी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं, पहिल्या पानावर चांगलं आहे, पाचव्यावर वाईट. मामा ग्लास विसळत म्हणाले, “मग पयला पान वाच गे बाय. लोकांका लाडूच होये असता.” थोडा वेळ ग्लास विसळतच राहिले. मग स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले, “पन सरांका सांग. सरांका सांगल्याशिवाय नको.”

शुक्रवारी दुपारी सर वह्या बघायला बसले. माझी वही वरती होती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, ‘वाचले’ लिहायला हात टेकवला, आणि मी त्या पानावर माझा तळहात ठेवला. सरांनी आधी हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“काय गं?”

मी मागची पानं उलटली, चार महिन्यांपूर्वीची, आणि त्यांच्याशेजारी फिनलंडचं पाचवं पान छापून आणलं होतं ते ठेवलं. सर वाचायला लागले. या वेळी पहिल्या ओळीपासून. मध्येच उठून फ्रिजमधली तपकिरी बाटली घेऊन आले, एका कागदावर तिच्यातलं चिमूटभर काढलं, शेजारी माझी पांढरी पूड काढली, आणि बराच वेळ दोन्हींकडे बघत बसले. बाहेर जिन्यात कुणीतरी उद्याच्या खुर्च्या मोजत होतं.

“किती वेळा केलंस?”

मी चार बोटं दाखवली.

“आणि खाली माझी सही आहे.” सरांनी चष्मा काढला. “वाचलं नव्हतं गं मी.”

इतके महिने मी ज्या वाक्याला घाबरत होते ते हे नव्हतं. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, पण सरांना सगळं एकदम उमगलं. “तुला वाटलं, मला माहीत आहे आणि मी दाबून ठेवलंय,” ते म्हणाले. मी खाली बघितलं. सतराचं जेवढं लागलं नव्हतं तेवढं त्यांना हे लागलं, हे न बघताही मला कळलं. मग त्यांनी लाल पेन घेतलं आणि चारही पानांवर आपल्या जुन्या सहीशेजारी लिहिलं, ‘आज वाचले. आज समजले.’ अक्षर नेहमीपेक्षा जरा मोठं आलं होतं. वही बंद करून माझ्याकडे सरकवली आणि छापलेल्या पानावर बोट ठेवलं.

“उद्या हेच वाच.”

पहिल्या पानावरही आहे, एवढं मी कसंबसं म्हणाले.

“पहिल्या पानावर सगळ्यांचीच नावं चांगली असतात,” सर म्हणाले. मग उठले आणि बुधवारच्या चौकटीत राहून गेलेलं ‘फिनलंड’ निळ्या पेनाने लिहून आले.

आता ते कॅलेंडर माझ्या टेबलासमोर आहे, त्याच पानावर. सर गिरगावात असतात. माझा प्रबंध वर्षभर लांबला आणि तांबं हाच त्याचा विषय झाला. मूळ पेपरची दुरुस्ती आम्ही दोघांच्या नावाने छापली, माझं नाव आधी, सरांच्या हट्टामुळे. पाठवली मंगळवारीच. रांग पार रस्त्याच्या वळणापर्यंत होती, पण या वेळी सर थांबायला तयार नव्हते. त्या दुरुस्तीला अजून एकही सायटेशन नाही. दर मंगळवारी काकूंच्या फोनवरून सरांचा फोन येतो. “आपलं शून्य कसं आहे?” मी सांगते, तसंच आहे, सर. “असू दे,” ते म्हणतात. “म्हशींचं तरी नाही ना.” मग फोन आधी ठेवायचा कुणी हे ठरत नाही.

त्या शनिवारचं सांगायचं राहिलं. हॉल भरलेला होता. पुढे सरांचे गिरगावचे शेजारी आणि नातेवाईक, मागे रसायनशास्त्रवाले. काकू नारायणपेठी नेसून पहिल्या रांगेत सरांच्या शेजारी. मी माइकपाशी गेले. कागद टेबलावर ठेवला आणि पाचव्या पानावरची ओळ वाचली, कॉन्व्हेंटच्या सगळ्या उच्चारांसकट. इंग्रजी इतकं सफाईदार झालं की पुढच्या पाच रांगांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनीसुद्धा. मागच्या रांगांमध्ये कुणी हललं नाही. टाळ्या थांबल्यावर काकूंनी सरांकडे वळून विचारलं, ते माइकपर्यंत ऐकू आलं. “छान लिहिलंय ना हो?”

सर माझ्याकडे बघत होते, मी मराठी आकडा शोधत असताना बघायचे तसे, घाई न करता. मला खाली उतरता आलं असतं. माझं वाचून झालं होतं, आणि माझं स्वतःचं सांगायला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी माइक जवळ ओढला.

“काकू, त्यांनी आपलं सतरा पुन्हा करून बघितलं. ते चाललं नाही. मीपण केलं होतं, चार वेळा. माझंही नाही चाललं.”